त्याचा रंग मला लागेल का?

गेल्या जूनमधली गोष्ट. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सुदानहून पुण्यात शिकायला आलेले दोन विद्यार्थी भाड्याने राहायला आले. एका संध्याकाळी भाजीच्या पिशव्या सांभाळत आम्ही लिफ्टमध्ये शिरलो, तर त्यांच्यातला एकजण आधीच आत उभा होता. उंच, काळाभोर, हसऱ्या चेहऱ्याचा. त्याने आमच्या साडेचार वर्षांच्या मुलीकडे पाहून हात हलवला. ती आईच्या मागे सरकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘‘आई, त्याचा रंग मला लागेल का?’’

त्याला मराठी समजत नसावे, अशी आम्ही मनातल्या मनात आशा केली. आईने मुलीचा हात दाबला, बाबांनी ‘शू!’ केले आणि आम्ही दोघेही त्या तरुणाकडे पाहून ओशाळे हसलो. घरी आल्यावर मुलीला सांगितले, ‘‘असं कुणाबद्दल बोलू नये.’’

‘‘का?’’

‘‘वाईट दिसतं.’’

‘‘कुणाला?’’

या प्रश्नावर आम्ही तिला हातपाय धुवायला पाठवले.

आम्ही दोघेही शिक्षक. एक विज्ञान शिकवतो, दुसरी मराठी आणि इतिहास. फुलपाखराच्या पंखाचा रंग बोटाला लागतो, मग पोपटाच्या पिसाचा का लागत नाही, असे वर्गात कुणी विचारले असते तर आम्ही तो सबंध तास त्या प्रश्नाला दिला असता. घरात तशाच जातीचा प्रश्न आला आणि आम्ही तो दाबून टाकला.

आठ-दहा दिवसांनी आजी तिला आंघोळ घालत होती. रविवारी डाळीचे पीठ, हळद आणि साय लावून आंघोळ घालायची आमच्याकडे पद्धत आहे. मुलगी म्हणाली, ‘‘आजी, अजून चोळ. मग मी दादासारखी होईन.’’ तिचा बारा वर्षांचा दादा रंगाने उजळ, ही सावळी. ‘‘चोळते हो,’’ आजी हसत म्हणाली. मग अंगावर पाण्याचा तांब्या पडत असतानाच पुढचा प्रश्न आला, ‘‘तो लिफ्टमधला दादा आंघोळ करत नाही का गं?’’

आता सगळा उलगडा झाला. मुलीने एक गृहीतक बांधले होते, आणि ते बांधण्याची रीत अगदी शास्त्रशुद्ध होती. पीठ लावून चोळले की माणूस उजळतो, असे घरातली मोठी माणसे म्हणतात. म्हणजे काळेपणा हा अंगावर बसलेला काहीतरी थर असणार. थर असेल तर तो दुसऱ्याला लागूही शकेल. आणि ज्याच्या अंगावर तो सर्वांत जाड आहे, तो आंघोळ करत नसणार. तर्कात कुठेही चूक नाही. चूक आहे ती पहिल्या विधानात, आणि ते विधान तिला आम्ही पुरवले होते. आमच्या ‘शू!’ने त्यात एका निरीक्षणाची भर पडली होती : त्या माणसाच्या रंगात असे काहीतरी आहे की त्याविषयी बोलायलाही आईबाबा घाबरतात.

मुलांमधल्या वर्णभेदाकडे आपण बहुधा संस्काराचा प्रश्न म्हणून पाहतो. मूल असे बोलले की कुणीतरी त्याला शिकवले असणार, नाहीतर ते मुळात वाईट वळणाचे असणार, असे वाटते. मूल स्वतः पाहते, ऐकते, जुळवते आणि निष्कर्ष काढते, हा तिसरा मार्ग आपल्या लक्षात येत नाही. त्या निष्कर्षाला लागणारा कच्चा माल घरात, रस्त्यावर, पडद्यावर सगळीकडे पडलेला असतो.

मुले रंग केव्हा ‘पाहू’ लागतात?

‘मुले निष्पाप असतात, त्यांना रंगबिंग कळत नाही’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. ते खरे नाही. ब्रिटनमध्ये गोऱ्या कुटुंबांतील तान्ह्या मुलांवर झालेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळांना वेगवेगळ्या वंशांच्या माणसांचे चेहरे जोडीजोडीने दाखवायचे आणि बाळ कोणत्या चेहऱ्याकडे जास्त वेळ पाहते ते मोजायचे, अशी त्याची पद्धत होती. नुकत्याच जन्मलेल्या बाळांनी काहीच फरक केला नाही. तीन महिन्यांची बाळे मात्र आपल्यासारख्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ पाहत होती. पुढच्याच वर्षी इस्राएलमधून आलेला अभ्यास आणखी बोलका होता. इथिओपियात वाढणारी बाळे काळ्या चेहऱ्यांकडे, इस्राएलमधली गोरी बाळे गोऱ्या चेहऱ्यांकडे जास्त पाहत होती. पण इथिओपियातून इस्राएलमध्ये आलेल्या कुटुंबांची बाळे, जी दोन्ही प्रकारच्या माणसांत वाढत होती, त्यांना कोणतीच आवडनिवड नव्हती.

याला पूर्वग्रह म्हणायचे का? नाही. ओळखीच्या गोष्टीकडे जास्त वेळ पाहणे आणि अनोळखी माणसाला कमी लेखणे यांत मोठे अंतर आहे. यातून कळते ते एवढेच की फरक पाहण्याची नजर फार लवकर येते आणि ती आजूबाजूला कोण वावरते यावर घडते. फरकाला ‘चांगले-वाईट’ चिकटते ते नंतर. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र विचार केला तर साधारणपणे दोन-चार वर्षांपासून पाच-सात वर्षांपर्यंत मुलांमधला पूर्वग्रह वाढत जातो असे दिसते. त्यापुढे तो काहीसा ओसरू शकतो. पण आपोआप ओसरेल या भरवशावर बसण्यासारखी स्थिती नाही. बालवाडीपासून दुसरीपर्यंतचा हा काळ आपण ‘लहान आहेत, कळत नाही’ म्हणून सोडून देतो, हे मात्र खरे.

चिकटते कसे? यावर टेक्सास विद्यापीठातील रिबेका बिगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला होता. तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. उन्हाळी शाळेतल्या सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना निळे आणि पिवळे सदरे वाटले. काही वर्गांत शिक्षकांनी त्या रंगांचा सतत वापर केला. ‘निळ्यांनो, आधी रांग करा’, ‘पिवळ्यांची चित्रे या फळ्यावर’ असे. कोणत्याही गटाला चांगले किंवा वाईट म्हटले नाही, स्पर्धा लावली नाही. उरलेल्या वर्गांत मुलांनी तेच सदरे घातले, पण शिक्षकांनी सदऱ्यांकडे लक्षच दिले नाही. काही आठवड्यांनी पाहिले तर पहिल्या प्रकारच्या वर्गांतली मुले आपल्या रंगाच्या गटाला अधिक चांगले गुण देऊ लागली होती. दुसऱ्या प्रकारच्या वर्गांत तसे झाले नाही.

हे वाचून चतुर वाचक म्हणेल, ‘‘बघा! रंगाचा उल्लेखच करू नये, हेच यातून सिद्ध होते. तुमचे ‘शू!’ बरोबर होते.’’ आम्हीही प्रथम तसेच म्हटले होते. पण सदरे आणि कातडी यांत एक फरक आहे. उन्हाळी शाळेच्या बाहेर निळ्या सदऱ्याला काहीच अर्थ नव्हता. तिथे रांगा लावणारे फक्त शिक्षकच होते. कातडीच्या बाबतीत रांगा आधीच लागलेल्या आहेत. लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी’ असते, मलमाच्या जाहिरातीत काळी मुलगी उदास आणि उजळलेली मुलगी हसरी असते, शाळेच्या नाटकात राक्षसाला काजळ फासतात. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाच्या नावातला ‘फेअर’ २०२० मध्ये गेला आणि ‘ग्लो’ आला. पण घरोघरचे बोलणे काही एका रात्रीत बदलले नाही. एवढे सगळे जग बोलत असताना फक्त आईबाबा गप्प बसले, तर मूल जगाचेच ऐकणार.

बाहुल्यांचा प्रयोग

या संदर्भात केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याचा प्रयोग वारंवार सांगितला जातो. त्याची एक बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही, म्हणून तो इथे थोडा सविस्तर देतो.

त्यांनी चार बाहुल्या घेतल्या. सगळ्या एकाच साच्यातल्या. दोन तपकिरी रंगाच्या आणि काळ्या केसांच्या, दोन गोऱ्या आणि पिवळ्या केसांच्या. तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांना एकेकटे बसवून सांगितले : तुला खेळायला आवडेल ती बाहुली दे, चांगली बाहुली दे, वाईट दिसणारी दे, आणि शेवटी, तुझ्यासारखी दिसणारी दे. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. ५९ टक्के मुलांनी ‘वाईट दिसणारी’ म्हणून तपकिरी बाहुली दिली. त्यानंतर जेव्हा ‘तुझ्यासारखी दे’ असे सांगितले, तेव्हा काही मुले रडू लागली, काही खोलीबाहेर पळाली. एकदा ‘वाईट’ म्हणून बाजूला काढलेली बाहुलीच आता ‘मी’ म्हणून उचलायची होती.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. त्या निकालाच्या तळटिपेत क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे. हा भाग पाठ्यपुस्तकांत येतो. न सांगितली जाणारी बाजू अशी की या २५३ मुलांपैकी काही दक्षिणेतल्या, फक्त काळ्या मुलांच्या शाळांत होती आणि काही उत्तरेतल्या मिश्र शाळांत. आणि गोऱ्या बाहुलीची ओढ मिश्र शाळांतल्या मुलांमध्ये कमी नव्हती, उलट थोडी जास्तच होती. प्रयोगावर पुढे टीकाही झाली. दोनच रंगांतून निवड करायला लावणे कितपत योग्य, बाहुलीबद्दलचे मत म्हणजे स्वतःबद्दलचे मत का, असे प्रश्न विचारले गेले, आणि ते रास्त आहेत. पण एकाच बाकावर बसवले की काम झाले, ही समजूत या आकड्यांतूनच डळमळते.

आमच्या मुलीने न्हाणीघरात हाच प्रयोग न सांगता करून दाखवला होता. लिफ्टमधल्या तरुणाबद्दलची भीती आणि स्वतःच्या हाताबद्दलची नाराजी ही एकाच समजुतीची दोन टोके होती. मूल दुसऱ्याच्या रंगाबद्दल काही बोलले की आपण त्याला समोरच्या माणसाची बाजू समजावून सांगतो. त्याच वेळी त्या मुलाच्या स्वतःच्या रंगाचे घरात काय चालले आहे, हेही पाहायला हवे.

मग सांगायचे काय?

‘आपण सगळे सारखेच असतो’ हे उत्तर आम्ही देऊन पाहिले. मुलीने दादाचा हात आणि आपला हात शेजारी ठेवून दाखवला. चार वर्षांच्या मुलाला डोळ्यांनी दिसणारी गोष्ट नाही म्हणून सांगितली, तर ते आपल्यावरचा विश्वास कमी करते, डोळ्यांवरचा नाही.

म्हणून आम्ही प्रयोगाकडे वळलो. एक पांढरा रुमाल ओला केला. बाबांच्या हाताला थोडी हळद लावली आणि रुमालाने पुसली. रुमाल पिवळा झाला. मग रुमालाचा कोरा कोपरा दादाच्या हातावर, आजीच्या हातावर आणि तिच्या स्वतःच्या हातावर खसखसून चोळला. काहीच उतरले नाही (आजीच्या हातावरून थोडे पीठ निघाले, तेवढे सोडून). ‘‘हळद वर बसते. आपला रंग आतच तयार होतो, म्हणून तो निघत नाही आणि लागतही नाही.’’ तिला एवढे पुरले. हा प्रयोग घरातल्या माणसांच्या हातांवरच करावा. ‘चला, त्या दादाचा हात पुसून पाहू’ असा मोह मुलांना होतो, पण शेजारी राहणारा माणूस हे काही शैक्षणिक साहित्य नव्हे.

सहावीतल्या दादाला याहून जास्त हवे होते. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंजकपेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करून शेजारच्या पेशींना पुरवतात. गंमत अशी की शरीराच्या एकाच भागाची तुलना केली, तर काळ्या आणि गोऱ्या माणसांत या रंजकपेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन बनवतात आणि ते कसे पसरते, यात. आपल्या सगळ्यांकडे कारखाने सारखेच, उत्पादन कमीजास्त. घड्याळाच्या पट्ट्याखालची कातडी आणि तिच्या शेजारची कातडी पाहिली की एकाच माणसातही हे दिसते. तळहात तर सर्वांचेच फिके.

उत्पादन कमीजास्त का, हा प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात घेण्यासारखा आहे. सूर्याचे अतिनील किरण रक्तातले फॉलेट नष्ट करतात. गर्भाची नीट वाढ होण्यासाठी फॉलेट लागते. मेलॅनिन हे छत्रीसारखे काम करते. पण छत्री फार दाट आणि ऊन कमी, अशा उत्तरेकडच्या प्रदेशात त्वचेत पुरेसे ड जीवनसत्त्व तयार होत नाही. नीना जब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी २००० साली जगभरच्या अतिनील किरणांचे प्रमाण आणि त्वचेचे रंग शेजारी ठेवून या दोन गरजांचा तोल दाखवला. काळा रंग ही कमतरता नव्हे आणि गोरा रंग ही प्रगती नव्हे. दोन्ही उन्हाच्या हिशोबाची उत्तरे आहेत.

इथे दादाने आम्हाला पकडले. त्याने नकाशा काढला. खार्टूम साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर, पुणे साडेअठरा. ‘‘ऊन जवळजवळ सारखं, मग रंग का नाही सारखा?’’ प्रश्न उत्तम होता. उत्तर असे की माणसे एका जागी बसून राहिली नाहीत. भारतात वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या दिशांनी माणसे आली, मिसळली. झेब्राफिश नावाच्या माशावर काम करताना २००५ मध्ये त्वचेचा रंग फिका करणारे एक जनुक सापडले. त्याचा फिका अवतार युरोपात जवळजवळ सर्वत्र आढळतो. भारतात तो प्रदेशाप्रदेशांत आणि समाजासमाजांत कमीजास्त आहे. रंग ठरवणारी अशी जनुके अनेक आहेत. त्यामुळे एकाच आईबापांच्या पोटी एक उजळ आणि एक सावळी येते. आणि त्या जनुकांवरून माणसाबद्दल बाकीचे फारसे काही सांगता येत नाही. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये १७ जनुकांचा हिशोब मांडला, तेव्हा माणसामाणसांतल्या जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकाच लोकसमूहाच्या आत सापडली. लोकसमूहांत फरक नाहीतच असे नव्हे. पण कातडीच्या रंगावरून आतला माणूस ओळखण्याचा दावा त्या फरकांवर उभा राहत नाही.

वरच्या वर्गांना इरावती कर्वे यांचीही एक हकिकत सांगावी. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेचा वंशाशी आणि बुद्धीशी संबंध आहे, अशी फिशर यांची कल्पना होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. संबंध सापडला नाही, आणि गुरूला काय हवे आहे याची पर्वा न करता त्यांनी प्रबंधात तसे लिहिले.

बोलण्यापुढचे

आतापर्यंतचे वाचून ‘म्हणजे मुलांशी नीट बोलले की झाले’ असे वाटेल. तसे नाही. अमेरिकेत चार-पाच वर्षांची गोरी मुले आणि त्यांच्या आया यांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आयांना वंशाचा विषय येणारी गोष्टीची पुस्तके मुलांना वाचून दाखवायला सांगितली, तरी जवळजवळ सगळ्यांनी रंगाचा विषय टाळला. पण खरी गंमत पुढे आहे. आई या विषयावर काय बोलते यावरून मुलाचा पूर्वग्रह किती असेल, हे सांगता आले नाही. सांगता आले ते आईच्या मैत्रिणी कोण आहेत यावरून. ज्या आयांच्या मित्रमैत्रिणींत इतर वंशांची माणसे जास्त होती, त्यांच्या मुलांत पूर्वग्रह कमी होता.

एका अभ्यासावरून सिद्धांत करू नये. तरी आम्ही आमच्या घरी गेल्या वर्षभरात जेवायला कोण कोण येऊन गेले याची यादी करून पाहिली. रंग सोडा, आडनावांचीही विविधता त्यात फारशी नव्हती. आपल्या भाषेत ‘वर्ण’ या एकाच शब्दाला रंग आणि चातुर्वर्ण्य दोन्ही चिकटलेले आहेत. त्यामुळे घरातले रंगाचे बोलणे बरेचदा जातीच्या बोलण्याचा पडदा असतो, हेही त्या यादीने आम्हाला दाखवले.

दिवाळीत आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या दोघांना फराळाला बोलावले. मोठा शेक्सपिअरी प्रसंग वगैरे काही घडला नाही. पहिली दहा मिनिटे अवघड गेली. मग क्रिकेट त्यांना कळत नाही हे दादाला कळले आणि तो त्यांना नियम समजावत बसला. आजीने विचारले, तुमच्याकडे भाकरी कशाची? ज्वारीची असते, असे कळल्यावर तिचे अर्धे परकेपण संपले. मुलगी पहिल्यांदा दाराआड होती. चकली घेऊन बाहेर आली. तो रंग न लागण्याचा मुद्दा तिच्या दृष्टीने निकालात निघालेला होता, त्यामुळे आता तिला त्यांच्या केसांबद्दल प्रश्न होते. या वेळी आम्ही ‘शू’ केले नाही. ‘‘त्यांना विचार, पण आधी विचारू का म्हणून विचार,’’ एवढेच सांगितले.

सहावीतला प्रसंग

दादाच्या बाबतीत मात्र आम्ही चुकलो. त्याच्या वर्गात मणिपूरहून आलेला एक मुलगा आहे. त्याचे वडील सैन्यात आहेत. वर्गात त्याला ‘चायनीज’ म्हणतात, आणि करोनानंतर तर आणखी एक नाव पडले, हे दादा जेवताना हसत हसत सांगत होता. आम्ही अर्धा तास बौद्धिक घेतले. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका तरुणाला त्याच्या दिसण्यावरून चिडवण्यातून मारहाण झाली आणि तो मरण पावला; त्यानंतर केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली; मार्च २०२० मध्ये ईशान्येकडच्या लोकांना ‘करोना’ म्हणून छळू नये, असे गृहमंत्रालयाला राज्यांना कळवावे लागले; २०१६ पासून महाविद्यालयांत वंशावरून चिडवणे हे रॅगिंगच्या व्याख्येत येते. सगळे खरे, सगळे महत्त्वाचे. परिणाम एवढाच झाला की पुढचे पंधरा दिवस दादाने शाळेतले काहीही घरी सांगितले नाही.

चार वर्षांच्या मुलाचा प्रश्न माहितीचा असतो. बारा वर्षांच्या मुलाला माहिती असते. त्याचा प्रश्न गटाचा असतो : सगळे हसत असताना मी न हसलो तर माझे काय होईल? आम्ही त्याला दिले ज्ञान, त्याला हवी होती युक्ती. पुन्हा बोलायला बसलो तेव्हा प्रश्नच विचारले. त्याचे खरे नाव काय? ते नीट उच्चारता येते का? (येत नव्हते.) हाक मारल्यावर तो काय करतो? ‘‘हसतो,’’ दादा म्हणाला, आणि थोड्या वेळाने, ‘‘म्हणजे तसं दाखवतो.’’ मग उपाय त्यानेच काढला. इतरांनी ते नाव घेतले की आपण मोठ्याने त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची आणि काहीतरी कामाचे विचारायचे. भाषण नाही, भांडण नाही. दोन दिवस त्याने घरी उच्चाराचा सराव केला. वर्गशिक्षिकेशीही आम्ही बोललो, कारण हे ओझे एका मुलाच्या खांद्यावर टाकण्याजोगे नव्हते. टोपणनाव पूर्ण थांबलेले नाही. मधल्या सुटीतले एक टोळके अजून म्हणते.

वर्गात काय करता येईल, याचा एक अनुभवी मार्ग टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातून येतो. तिथे १९७१ मध्ये काळी, गोरी आणि मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच एकत्र बसू लागली आणि वर्गांत धुसफूस सुरू झाली. इलियट अ‍ॅरन्सन यांनी पाठाचे पाच-सहा तुकडे केले. प्रत्येक गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. तो त्याने तयार करायचा आणि गटाला शिकवायचा. चाचणी सगळ्या पाठावर. जिगसॉ कोड्याप्रमाणे एकही तुकडा गळला तर चित्र अपुरे राहते. ज्या मुलाला कुणी विचारत नव्हते, त्याचे म्हणणे आता ऐकल्यावाचून गत्यंतर नव्हते. आमच्या वर्गात हे करून पाहताना एक अडचण आली ती सांगायला हवी : साठ मुलांच्या वर्गात दहा गट एकाच वेळी बोलू लागले की शेजारच्या वर्गातून तक्रार येते. पाठ मैदानात नेला.

याउलट जेन एलियट यांचा निळ्या आणि तपकिरी डोळ्यांचा प्रयोग कुणी वर्गात करू नये असे आमचे मत आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिल १९६८ रोजी, आयोवातल्या रायसव्हिल गावी त्यांनी तिसरीच्या मुलांना डोळ्यांच्या रंगावरून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवले. फिल्म पाहताना अंगावर काटा येतो. पण लहान मुलांना फसवून अपमानाचा अनुभव देण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि अशा धक्क्याने टिकाऊ बदल होतो याचा पुरावाही कच्चा आहे. त्यापेक्षा इतिहासाच्या तासाला मलिक अंबर शिकवताना दोन मिनिटे थांबावे. निजामशाहीचा हा वजीर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि दख्खनला पोचला. गनिमी काव्याने त्याने मोगलांना वर्षानुवर्षे दमवले, खडकी वसवली, तिथे नहरीने पाणी आणले. मालोजी आणि शहाजी राजे ज्या निजामशाहीत होते, तिचा कारभार हा आफ्रिकी माणूस पाहत होता. खडकीचे पुढे औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. मुलांना वजीर माहीत असतो, पण त्याचा रंग आपण सांगितलेला नसतो.

घरी आजीशी बोलणे सर्वांत अवघड गेले. तिने या मुलीला प्रेमानेच वाढवले आहे. ‘सावळी’ म्हणताना तिच्या मनात विठोबाही असतो आणि लग्नाची काळजीही. तिच्या स्वतःच्या रंगामुळे तिला दोन स्थळांनी नाकारले होते, हे तिने या निमित्ताने पहिल्यांदा सांगितले. डाळीचे पीठ बंद झाले नाही. ‘मळ निघतो’ एवढेच आता म्हणायचे, असे ठरले. आजी ते पाळते. परवा आंघोळ उरकल्यावर टॉवेलात गुंडाळलेल्या नातीने तिला विचारले, ‘‘आजी, गोरं म्हणजे छान, हे तुला कुणी सांगितलं होतं?’’ आजी बराच वेळ तिचे केस पुसत राहिली.